वासराची गाठ

बा, घरात जाळं टांगलं आहे. मासोळीचं नाही, भाताच्या तनसाचं नाही, लेकरांसाठी. माझ्या पोरानं आमगावात नवीन घर बांधलं आणि बांधताना वरच्या मजल्याच्या मधोमध एक मोठा चौकोन उघडाच ठेवला. खालच्या बैठकीतून मान वर केली की सरळ वरचा स्लॅब दिसते. मी विचारलं, सिमेंट सरलं काय? तर म्हणे, नाही माय, याला डबल हाइट म्हणतात, हवा खेळते. हवा खेळते ते ठीक, पण माझी नात सात वर्षांची आणि नातू चारचा, दोघंही कठड्यातून डोकं काढून खाली थुंकायला शिकले, त्याचं काय? नाही तर मग दिवसभर मोबाइल. तर पोरानं आणि सुनेनं मिळून उपाय काढला. त्या उघड्या चौकोनावर, वरच्या मजल्याच्या फरशीच्या बरोबरीनं, पांढऱ्या दोरीचं जाळं ताणून बसवलं. कठड्याला एक लहान दार केलं. दारातून लेकरं जाळ्यात उतरतात, लोळतात, चित्रं काढतात, भांडतात, आणि त्यांच्या पोटाखाली दहा-बारा फूट नुसती हवा. येणारे पाहुणे मान वर करून वा वा म्हणतात. मी मान वर करत नाही.

तुला लिहून राहिली याचं हसू येईल तुला. चौथी पास होण्याआधीच तू मला शाळेतून काढलं, मग एवढं लिहायला कशाला शिकवलं, असंही म्हणता येईल. नातीच्या वहीची मागची पानं आहेत, पेन्सिल तिचीच आहे, मागून खाल्लेली. पुस्तकातल्यासारखं लिहायला जाते आणि मधेच आपली बोली घुसते. घुसू दे. तू तर तेवढंही वाचू शकत नव्हता.

जाळं बसवायला गोंदियाकडून एक मिस्त्री आला होता. पोट पुढं, कमरेला पिशवी, तोंडात हिंदी. भिंतीत भोकं पाडली, लोखंडी हुक बसवले, आणि मग मोठ्या दोरीनं जाळ्याची किनार एकेका हुकात ओवत गेला. मी वर खुर्ची टाकून बसली. त्यानं शेवटची गाठ मारली ती कठड्याच्या कोपऱ्यात, माझ्या पायापाशीच.

"काहो, हे दोरी कायची?" मी विचारलं.

"नायलॉन है माताजी. हाथी भी लेट जाए तो कुछ नहीं होगा."

"हत्ती नाही घरात. दोन पोट्टे हायेत. तू झोप पहिले."

"मैं?"

"बांधलं कोणं? तूच न? मंग तूच झोप."

सून मधे पडली. "आई, ते टेस्ट केलेलं असते कंपनीतून."

"जाळं टेस्ट केलं असन. गाठ त यानं आत्ता माह्यासमोर मारली."

पोरगा हळूच जिना उतरून निघून गेला. त्याला माझी लाज वाटली की हसू आवरेना, माहीत नाही. मिस्त्रीनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, चपला काढल्या आणि त्या दारातून आत सरकला. पोटावर पडला. मी म्हटलं, लोळ. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जा. गेला बिचारा. परत येऊन हात जोडले. "माताजी, अब उतरूँ?" मी म्हटलं, उतर. त्याच्या गालावर आणि शर्टावर चौकोन चौकोन उठले होते. सगळे हसले. मीही हसली असती, पण गालावरचे ते चौकोन पाहिले आणि मी तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच चौकोन.

तुझी पद्धत होती ही. जो बांधेल त्यानंच पहिले त्यात बसून पाहायचं, मग लेकरू ठेवायचं. तुझं जाळं म्हणजे काही मोठं काम नव्हतं, शेतकऱ्याच्या घरात जे लागते तेच. बैलबंडीवर तनस भरायचं जाळं, मळणीच्या बैलांची मुसकी, दुधाचं शिंकं. अंबाडी सडवून, धुऊन, वाख काढून तू घरापुढच्या सपरीत बसायचा. मांडीवर दोरा वळायचा आणि बांबूच्या सुईनं गाठी मारायचा. दर गाठीला तुझ्या नाकातून एक "हुं" यायचा. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून ते हुं मोजायची, माय म्हणायची भाकर जळून राहिली आणि हे पोट्टी कुठं ध्यान लावून बसली. गाठ कशी मारतोस ते मात्र तू दाखवलं नाहीस. पोरीच्या हाताला कशाला दोराचे घट्टे, म्हणायचा. मला वासरू बांधायची गाठ तेवढी यायची, ती कोणालाही येते. ओढली की सुटते, म्हणूनच वासराला बांधतात. सकाळी धार काढायच्या वेळी एका झटक्यात सोडता यायला हवं. दुसरी एक गोष्ट तू दहादा सांगितली होती, ती माझ्या ध्यानात होती. दुसऱ्याची गाठ सोडू नको, अन् सोडली त त्याले सांगजो.

भाताच्या रोवण्याचे दिवस. पऱ्हे उपटून झाले होते, साऱ्या बायका पाण्यानं भरलेल्या बांधीत रोपं लावत वाकल्या होत्या, माय त्यांच्यात, तू चिखल करत बैलामागं. मी नऊ वर्षांची. भाऊ रांगत होता, धरून उभा राहायचा. त्याला पाहायला कोणी पाहिजे म्हणूनच माझी शाळा सुटली. शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, मोहाचं झाड होतं. तू नवीन जाळं केलं होतं, हिरवट वाखाचं, अजून वास होता त्याला. त्याची चारही टोकं एका दोरात घेतली, दोर फांदीवरून टाकला, खोडाला बांधला. मग तू स्वतः आत बसला. गुडघे छातीशी, मोठा माणूस, डोक्याला दुपट्टा. बायका चिखलातून ओरडल्या, "हा पाहा वं, बापच पाळण्यात!" तूही दात काढले. दोनदा हिसका दिला, उतरला, भावाला ठेवला, आणि जाळं इतकं उंच ओढलं की माझा हात पुरू नये. कुत्रं येऊ नये, साप येऊ नये, आणि मी त्याला काढून खेळत बसू नये म्हणून. मला नुसता झोका द्यायचा होता, काडीनं.

सकाळी भुरभुर पाऊस होता. मग ऊन पडलं. भाऊ रडायला लागला. किती रडला. त्याच्या गालाला जाळं रुतत होतं, खालून मला दिसत होतं, गाल लाल आणि त्यावर पांढरे चौकोन. मायला आवाज दिला, तिनं मान वर न करता म्हटलं, झोका दे. मी झोका दिला. तो आणखी रडला. मग मी खोडापाशी गेली आणि तुझी गाठ सोडली. दातानं सोडली, बा, ओली होती, सुटत नव्हती. जाळं खाली घेतलं. त्याला मांडीवर घेतलं, गूळ चाटवला, तो झोपला. मग परत ठेवला. दोर ओढला, जेवढा उंच जमला तेवढा. आणि मला येत होती ती गाठ मारली.

आत बसून पाहायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण त्याला उठवावं लागलं असतं, आणि बांधीच्या पलीकडून तू बैल वळवून इकडेच येत होता. गाठ सोडलेली तुला दिसू नये एवढीच मला घाई होती.

तू यायच्या आतच पडला तो. झोक्यानं एक एक बोट गाठ सरकत गेली असेल. आवाज मोठा झाला नाही, धुऱ्याची माती ओली होती, पण खाली मोहाचं एक मूळ वर आलेलं होतं आणि त्याचा मांडीचा सांधा नेमका त्याच्यावर. सगळे पळत आले. मायनं त्याला उचललं. तू नाही उचललं. तू दोराचं टोक हातात घेतलं आणि बोटांतून सरकवत राहिला, पुन्हा पुन्हा, जसा वाख तपासायचा तसा. मी पाहत होती. मग तू मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ओल्या दोराले गाठ मारली म्या. ऊन पडलं, दोर वाळला, सैल झाली. माही चूक." कोणी मला विचारलंच नाही. तू विचारू दिलं नाहीस असं आता वाटते. तेव्हा वाटलं होतं की सुटली मी.

हाड बसवणारा आला, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय जोडला गेला, आखूड जोडला गेला. भाऊ चालायला लागला तेव्हा आवाज वेगळाच यायचा, एक पाऊल जड, एक हलकं. घरात कुठंही असलं तरी तो कुठं आहे ते समजायचं. तू जाळं करणं सोडलं. नुसतं जाळं नाही, तू गाठ मारणंच सोडलं. बांबूची सुई सपरीच्या छपरात खोचून दिली. लोक तनसाचं जाळं मागायला यायचे, तू म्हणायचा हात थरथरते. हात थरथरत नव्हता, मी रोज तुला भात कापताना पाहत होती. बैल बांधायचे असले तरी मला हाक. "पोरी, तू बांध. तुही गाठ पक्की हाय."

कित्येकदा म्हटलं असशील. दावं, बादलीचा दोर, बंडीचं ओझं. तुही गाठ पक्की हाय. मी बांधायची. ते पडलेलं जाळं गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिलं होतं. दुपारी सगळे शेतात गेले की मी माळ्यावर चढून त्याची एक एक गाठ उकलून पाहायची, परत मारायची, परत उकलायची. अशी तुझी गाठ मी शिकली. कोणी शिकवली नाही. वर्षभरात इतकी पक्की आली की आंधारातही मारता यावी. कामाची काय होती ती तेव्हा? पण माझी गाठ पक्की आहे असं तू म्हणायचा, ते निदान खोटं राहू नये म्हणून शिकली.

लग्नात तू सगळ्या पोरींना बापानं द्यावं तेच दिलं, भांडी, लुगडी. निघताना एक फडक्याचं गाठोडं हातात दिलं. सालेकश्याला सासरी जाऊन उघडलं तर त्यात ती बांबूची सुई. वर तुझ्या हातचा दोरा गुंडाळलेला, चार हात असेल. मी ती बांगड्यांच्या डब्यात ठेवली. नवऱ्यानं विचारलं, हे काय? म्हटलं, डोकं खाजवायची. बा, इतकी वर्षं मी विचार करून राहिली की तू ती काऊन दिली. माफी म्हणून की शिक्षा म्हणून? माहीत होतं म्हणून की काहीच माहीत नव्हतं म्हणून? साधा माणूस होता तू, तुला एवढं वाकडं सुचत नसेल, असंही मनाला समजावलं. तू गेला तेव्हा निरोप उशिरा आला. मी पोहोचली तर अंगणात नुसत्या बायका बसलेल्या. तोंड पाहायला मिळालं नाही. विचारायचं राहिलं, आणि खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं.

हे जाळं बसवलं तेव्हापासून मात्र तू घरात आहेस. दुपारी वरच्या खिडकीच्या काचेतून ऊन येते आणि जाळ्याची सावली बैठकीच्या फरशीवर पडते, चौकोन चौकोन. मी त्या सावलीला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते. सून म्हणते, आई, इकून सरळ या न. मी म्हणते, इकून पंख्याची हवा लागते. भाजी निवडत बसली की वरून दोरी करकरते आणि मला तुझा हुं ऐकू येते. एकदा चुकून मान वर झाली. लेकरं शाळेत होती, जाळं रिकामं होतं, आणि तरी मधोमध खोलगट दिसलं, कोणी गुडघे छातीशी घेऊन बसल्यासारखं. पुन्हा पाहिलं तर सपाट. सुनेला म्हटलं, जाळं ढिलं झालं. ती म्हणाली, नाही आई, मी कालच पाहिलं.

परवा भाऊ आला. सौंदडला त्याचं शिलाईचं दुकान आहे, आता त्याचा पोरगा पाहते, पण मशीनवर हा अजूनही बसते, चांगल्या पायानं. केस पिकले, जीभ तशीच, मोठ्या बहिणीला अजूनही बाईच म्हणते. दारातच वर पाहिलं आणि म्हणाला, "वा रे भाचा! कोळ्याच्या जाळ्यात माशी पकडते तशी पोट्टे पकडले!" नात टुणकन उठली, मामाआजोबा वर या, वर या. मी म्हटलं, त्याचा पाय नाही चालत, त्याले नका ओढू. तर हा मुद्दाम जिना चढला, एक जड, एक हलका, आणि दारातून सरकला आत. मी खाली उभी, हातात पोह्यांची बशी. त्याची पाठ मला खालून दिसत होती, धोतराचा काठ जाळ्यातून लोंबत होता, आणि तो आखूड पाय चौकोनात दुमडलेला.

"उतर," मी ओरडली. "म्हातारा झाला, अक्कल नाही आली?"

"येऊ दे न बाई गार हवा. तुले पाहिजे त तूही ये."

नातीनं विचारलं, "आजोबा, तुमचा पाय असा काऊन आहे?"

"मी जाळ्यातून पडलो होतो. तुह्या भावापेक्षा लहान होतो."

"जाळं तुटलं?"

"नाही. गाठ सुटली."

"कोणाची गाठ?"

तो जाळ्यात उलटा झाला, पोटावर, आणि चौकोनातून सरळ खाली माझ्याकडे पाहिलं. "आमच्या बाची," म्हणाला.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच मागच्या ओसरीत बसलो होतो. मी सुपारी कातरत होती. तो आपणच बोलायला लागला. म्हणाला, "बाई, बा गेला तवा तू नव्हती. त्यानं माह्या पायाले हात लावला. बापानं पोराच्या पायाले हात लावला, बाई. मले कसंतरीच झालं. म्हणे, गाठ माहीच होती. कोणी काही सांगितलं तरी माहीच होती. अन् तुह्या बाईले कधी इचारजो नोको."

मी सुपारी कातरतच राहिली.

"मी त इचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "मले काय मालूम होतं तोवर? बा म्हणे, बाईले इचारजो नोको. तवा समजलं." मग हात पुढं केला. "दे, सुपारी दे. का कातरतच बसतं?"

मी सुपारी दिली. दुसरं काही दिलं नाही. तू गेल्यापासून तीस-पस्तीस वर्षं हा माणूस दिवाळीला माझ्याकडे येऊन राहिला, माझ्या हातचं जेवून राहिला, मला बाई बाई म्हणून राहिला, आणि त्याला माहीत होतं. आणि तुलाही माहीत होतं. दोर बोटांतून सरकवला तेव्हाच समजलं होतं तुला, नाही का? तुझी गाठ दोराला वळ पाडते, वासराच्या गाठीचा वळ राहत नाही. हे मला माळ्यावर बसून गाठी शिकताना समजायला पाहिजे होतं. समजलंही असेल. मी मागं सारलं असेल. आता मला राग येऊन राहिला, बा. तुझाच. एक थापड मारली असती आणि विचारलं असतं, तू सोडली काय, तर मी हो म्हटलं असतं आणि मोकळी झाली असती. तू माझी गाठ स्वतःच्या नावावर घेतली आणि वरून म्हणत राहिला, तुही गाठ पक्की हाय. चांगुलपणा म्हणतात याला. भारी असते ते, पाठ मोडते.

आज भावाची संध्याकाळची गाडी आहे. पोरगा दुकानावर, सून तिच्या शाळेत शिकवायला, लेकरं त्यांच्या शाळेत. भाऊ खाली दिवाणवर आडवा झाला, घोरायला लागला. मी जिना चढली. मिस्त्रीची ती कोपऱ्यातली गाठ पहिल्या दिवसापासून मला पटत नव्हती. वाईट नव्हती, पण नायलॉन गुळगुळीत असते, त्याला एक पलटा जास्त पाहिजे. ध्यानात आली तुझी ताकीद, म्हणून पहिले सुनेनं भिंतीवर लिहून ठेवलेल्या नंबरावर त्याला फोन लावला. म्हटलं, मिस्त्री, तुमची गाठ सोडून राहिली मी. तो ओरडला, "अरे माताजी, हाथ मत लगाओ! मैं आता हूँ ना परसों!" मी म्हटलं, येजो परवा, सांगायचं होतं ते सांगितलं. फोन ठेवला. पाहा, किती सोपं असते. कोण कुठला मिस्त्री, त्याला अर्ध्या मिनिटात सांगून झालं.

गाठ सोडली. तुझी मारली. बोटांना एकदाही अडलं नाही. वरून बांधायला तुझा तोच दोरा घ्यावा म्हणून डब्यातली सुई आणली होती. उकलायला गेली तर दोऱ्याचा हातातच भुगा झाला. मी झटकून टाकला. एवढी वर्षं ठेवला, काय सोन्याचा होता? मग जो बांधेल त्यानं आधी बसायचं, म्हणून दार उघडून आत उतरली. सत्तरीची बाई, लुगडं सावरत, चार पायांवर. मधोमध आली, गुडघे छातीशी घेतले आणि दोनदा हिसका दिला. काही झालं नाही. लेकरांनी वही आणि पेन्सिल इथंच टाकलेली होती. तेव्हापासून मी जाळ्यातच बसून लिहून राहिली. अक्षर हलते ते त्यामुळं.

खाली चौकोनाचौकोनातून भाऊ दिसते. झोपेत त्याचा लांब पाय सरळ आहे आणि आखूड पाय त्याच्या पोटरीवर ठेवलेला, लहानपणी ठेवायचा तसाच. इथून पाहिलं तर तो किती खाली वाटते. तेव्हा जाळं याच्या अर्ध्या उंचीवर असेल. उंचीचं काही नाही, मूळ आडवं आलं. मूळ आडवं आलं, असंही मी साठेक वर्षं स्वतःला सांगितलं आहे. तेही आता पुरे.

तो उठला. इकडेतिकडे पाहून राहिला. "बाई? कुठं गेली वं? चहा ठेवू काय?"

 मग त्यानं मान वर केली. हसला, हसता हसता खोकला आला त्याला. "अवं माय! तू कायले चढली तिथं?"

म्हटलं, गाठ पाहत होती.

"पाहली न? मंग उतर आता. माह्या गाडीचा टाइम होते."

म्हटलं, गुडघे धरले माझे, उठता येऊन नाही राहिलं. तूच ये वर, हात दे. तुला काही सांगायचंही आहे.

त्यानं चष्मा शोधला, डोळ्यांवर लावला आणि तो जिन्याकडे वळला. ही पानं मी फाडून चोळीत खोचणार आहे, तुझा काही पत्ता तर नाही. आता तो चढून राहिला. एक जड, एक हलका. कठडा धरून थांबला मधे, पुन्हा निघाला. बा, गुडघ्यांचं मी त्याला खोटं सांगितलं. गुडघे ठीक आहेत.